उजवी बाही

आम्ही घर बदलतोय. नवं घर: तू जिथे पोहायला शिकलीस त्या तलावासमोरची पिवळी इमारत, तिसरा मजला, डावीकडचं दार. बाबा घरीच असतात. ये.

प्रिय टाचणी,

वरच्या ओळी शाळेच्या फळ्यावर लिहितात तशा ढब्बू अक्षरांत का लिहिल्या आणि पत्ता असा कोड्यात का घातला, ते सगळ्यात शेवटी सांगते. आधीच सांगितलं तर म्हणशील, आईचं डोकं फिरलं. फिरलंच आहे, पण कामापुरतं ठिकाणावर ठेवलंय. आज जेवणाची सुट्टी चांगली तासाभराची मिळाली आहे. डबा उघडलेला नाही. कापायच्या टेबलावरच्या चिंध्या कोपरानं बाजूला सारून लिहायला बसले आहे. अक्षर वाकडंतिकडं येईल. सकाळपासून कपड्यांवर किसणी चालवून बोटांना मुंग्या आल्या आहेत.

याच टेबलाखाली तू चार वर्षांची असताना लोहचुंबक घेऊन बसायचीस. दिवसभरात सांडलेल्या टाचण्या वेचायच्या आणि डबीत टाकायच्या हे तुझं काम. एकही सुटायची नाही. कारखान्यातल्या सगळ्या बायका तुला टाचणी म्हणायला लागल्या, आणि पुढे तुझी जीभ चालायला लागली तसं ते नाव आणखीच शोभायला लागलं. दुसऱ्याला दिसत नाही ते बारीकसारीक शोधून काढायची खोड तुला इथेच लागली असणार. म्हणजे जे झालं त्याला सुरुवात मीच करून दिली, असं कधी कधी मनात येतं आणि मग हातातलं काम तसंच राहतं.

आधी घराचं सांगते. आपली अख्खी गल्ली पाडणार आहेत. रुंद रस्ता होणार म्हणे. मागच्या महिन्यात माणसं आली आणि दारादारावर लाल फुल्या मारून गेली. महिनाअखेरीला वीज तोडणार, पाणी तोडणार. औषधांचं दुकान गेलं, इस्त्रीवाला गेला, खालच्या मजल्यावरच्या मावशी, ज्यांची मांजर तू दप्तरात घालून पळवून आणली होतीस, त्याही लेकाकडे गेल्या. बाबा मात्र हटून बसले. त्यांचं एकच म्हणणं, की ती आली आणि दारच नसलं तर? मी म्हटलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना पत्ता देऊन ठेवू. ते म्हणाले, शेजारी राहिलेत कुठे? खरंच की गं. साडेतीन वर्षं आम्ही दोघं एकाच आशेवर काढली, की घरचा रस्ता तुला ठाऊक आहे, राग निवला की येशील. कुलूप बदललं नाही, दाराचा रंगसुद्धा बदलला नाही. आता ते दारच राहणार नाही. परवा कामावरून आले तर बाबा बिजागऱ्यांचे स्क्रू काढत बसले होते, ते दार नव्या घरी न्यायचं म्हणून. तिथल्या चौकटीच्या मापात ते बसणार नाही, हे आयुष्यभर लिफ्टची दारं बसवणाऱ्या माणसाला मी काय सांगायचं? त्यांच्या हातातला पेचकस काढून घेतला. मग आम्ही दोघंही तिथेच जिन्यात बसून रडलो. बघायला तरी कोण होतं?

माझं काम म्हणशील तर तेच. लोक कपडे जपतात आणि आम्ही त्यांचे हाल करतो. सिनेमासाठी नवाकोरा कपडा येतो, तो किसायचा, चहाच्या पाण्यात उकळायचा, राखेत लोळवायचा, खिशात दगड भरून आठवडाभर टांगून ठेवायचा, की वीस वर्षं अंगावर वागवल्यासारखा दिसायला लागतो. सध्या एका सिनेमाच्या दुसऱ्या भागाचं चाललंय. हो, तुझ्या त्या लाडक्या पुस्तकाचाच दुसरा भाग. पाणी संपलेलं शहर, पाणी शोधायला वेशीबाहेर सोडलेली पोरं, आणि परत येईल त्याच्यासाठीच उघडणारं दार. पंधराव्या वर्षी तू ते पुस्तक वाचून वाचून त्याची पानं सुटी केली होतीस. त्याचा सिनेमा निघतोय आणि कपडे आमच्याकडे येणार आहेत, असं मी घरी येऊन सांगितलं तेव्हा तू पलंगावर उड्या मारल्या होत्यास. फळी मोडली होती. ती अजून तशीच आहे, खाली विटा लावून.

त्या पहिल्या सिनेमाच्या वेळचा एक दिवस मला तुझ्यापुढे मांडायचा आहे, कारण तो तुला अर्धाच ठाऊक आहे. नायिकेचं ते मातकट हिरवं जाकीट. एकसारखी सहा करायची होती, एक तिच्या अंगावर, एक तिच्याऐवजी उड्या मारणाऱ्या डुप्लिकेट मुलीला, एक पाण्यात भिजवायला, असं. प्रत्येकाच्या डाव्या बाहीवर, कोपराच्या मागे, तारेत अडकून फाटल्याची एक बोटभर लांब चीर. तीन जाकिटं मी कारखान्यात केली, समोर पुतळ्याला घालून. काम संपेना म्हणून चौथं मी पिशवीत भाजीखाली लपवून घरी आणलं. सिनेमाचा कपडा कारखान्याबाहेर नेणं म्हणजे तिथल्या तिथे नोकरी गेली, हे आमच्याकडे पहिल्याच दिवशी सांगतात. घरी पुतळा कुठला? जेवणाच्या टेबलावर जाकीट पालथं घातलं आणि किसणी घेतली.

तू समोर स्टुलावर बसली होतीस. पुस्तकाचा दुसरा भाग त्याच आठवड्यात आला होता आणि तू मला तो मोठ्यानं वाचून दाखवत होतीस. ती पोरगी पाणी घेऊन परत येते, तर शहर रिकामं. माणसं कंटाळून, घाबरून निघून गेलेली, आणि जाताना वेशीच्या भिंतीवर आपापल्या माणसांसाठी चिठ्ठ्या लावून गेलेली, कोण कुठे गेलं ते सांगणाऱ्या. ती एकेक चिठ्ठी वाचत जाते. भिंत संपते. तिच्या आईची चिठ्ठी नसतेच. तू पुस्तक दाणकन मिटलंस. डोळे भरलेले, नाक लाल. असली कसली आई, दोन ओळी लिहायला काय धाड भरली होती हिला, असं म्हणालीस. मला हसू आवरेना. मी म्हटलं, आयांना हजार कामं असतात, राहून गेलं असेल. तू दोऱ्याचं रीळ माझ्या डोक्यावर मारलंस. मी हसत होते आणि हसता हसता माझा हात चालला होता. समोर उभ्या पुतळ्याची डावी बाही माझ्या उजव्या हाताला येते. टेबलावर पालथ्या घातलेल्या जाकिटाची येत नाही. सवयीनं हात उजवीकडे गेला. वीस वर्षांत जी चूक झाली नव्हती ती त्या दिवशी झाली, कारण त्या दिवशी मी सुखात होते. हे कारण मी कुणाला सांगितलेलं नाही.

पुढचं तुला ठाऊक आहे. सिनेमा लागला, आपण तिघं पहिल्याच दिवशी गेलो, शेवटी पाट्या सरकायला लागल्यावर तू माझं नाव दिसलं म्हणून शिट्टी मारलीस. मग चार-पाचदा एकटी जाऊन बघून आलीस. सिनेमांतल्या चुका पकडायचं तुझं इंटरनेटवर ते पान होतं ना, त्याच्यावर तू दोन चित्रं शेजारी शेजारी लावलीस. कुंपणावर चढताना चीर डाव्या बाहीवर, उतरताना उजव्या. दृश्याला दृश्य जुळतंय ना ते बघणाऱ्या कंटिन्युइटीवाल्यांची फजिती केली असंच तुला वाटलं होतं, हे मला पक्कं माहीत आहे. धावत मला दाखवायला आलीस. तोवर ते लाखोंनी पाहिलं होतं आणि जो तो दात काढत होता.

आणि मी काय केलं? कारखान्याच्या मोठ्या बाईंनी वही काढली. आमच्याकडे प्रत्येक कपड्याची वही असते, कुणी फाडला, कुणी रंगवला, कुणाच्या हातून बाहेर गेला. चौथ्या जाकिटापुढे फाडणाऱ्याची सही नव्हती, कारण मी ते घरी केलं होतं. सही होती फक्त रंगवालीची. तीच गं, तुला रंगाच्या बादलीत हात बुडवू द्यायची ती. चौदा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर. बाई म्हणाल्या, शेवटचा हात तुझा, तुझ्या डोळ्यांना दिसलं नाही? रंगवालीनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच पाहिलं. मी सुई ओवत होते, ती ओवतच राहिले. त्या संध्याकाळी तिनं तिचा ब्रश, डबा आणि चपला पिशवीत भरल्या आणि ती गेली.

तुला ते कळलं तेव्हा तू एवढंच म्हणालीस, की उद्या जाऊन खरं सांग. एवढंच. आवाजसुद्धा चढवला नव्हतास. मी मात्र तोंड सोडलं. तूच आग लावलीस, असं म्हणाले. आईची अब्रू चव्हाट्यावर मांडून टाळ्या घेतेस, म्हणाले. तुझ्यासारखी पोर पोटी आली नसती तर बरं झालं असतं, हेही म्हणाले. शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं, की हा आत्ताच परत घ्यायला हवा. तरी मी घेतला नाही. वाटलं, सकाळी बघू. सकाळी तुझी चादर घडी घालून ठेवलेली होती. आयुष्यात पहिल्यांदा तू चादरीची घडी घातलीस.

आम्ही शोधलं नाही असं समजू नकोस. तुझ्या कॉलेजात गेलो, मैत्रिणींच्या घरी गेलो, त्यांच्या आयांनी आमच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर सोसली. तुझा नंबर बंद. त्या पानावर मी रोज लिहायचे, मला टाइप करता येत नाही तरी. ते कुणी उघडलंच नाही, आणि वर्षभरानं पानच नाहीसं झालं. पोलीस म्हणाले, मुलगी सज्ञान आहे, 'मी ठीक आहे, शोधू नका' अशी चिठ्ठी बाबांच्या नावे टपालानं आलेली आहे, मग आम्ही काय करणार? ती चिठ्ठी बाबांच्या पाकिटात असते. घडीवर फाटली तेव्हा मी मागून कापड लावून दिलं.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी इस्पितळातून फोन आला, की तुझ्या वयाची, तुझ्या उंचीची एक मुलगी आणली आहे, ओळख पटवायला या. बाबा बाहेरच्या बाकावरच बसले. मी आत गेले. तोंडाकडे बघायचा धीर होईना, म्हणून मी कपडे पाहिले. दुसरं मला येतंच काय? कुर्त्याची शिवण पाहिली. खालची दुमड मशीनची होती. तुझ्या एकाही कपड्याला मी मशीनची दुमड घालू दिलेली नाही. त्या बळावर मग तोंडाकडे पाहिलं आणि म्हटलं, ही माझी नाही. आणि बाहेर येऊन मला इतका आनंद झाला, टाचणी, इतका आनंद झाला की मला स्वतःची किळस आली. कुणाची तरी होती ना ती. त्या दिवसापासून फोन वाजला की बाबांच्या आधी धावत जाऊन मीच उचलते. जिवंत आहेस ना गं? एवढं एकच मला विचारायचं आहे. बाकीचं तू नाही सांगितलंस तरी चालेल.

रंगवालीकडे मी गेले. उशिरा गेले, पण गेले. ती आता एका लॉन्ड्रीत डाग काढते. आयुष्यभर डाग पाडले आणि आता काढते आहे, असं तीच म्हणाली, आणि हसली नाही. मी सगळं सांगितलं, भाजीखालचं जाकीटसुद्धा. ती म्हणाली, मला तेव्हाच कळलं होतं, तुझी किसणी मी ओळखत नाही होय? तू बोलशील म्हणून मी गप्प बसले होते. मग तिनं मला एक शर्ट धरायला दिला आणि आम्ही दोघींनी मिळून त्याची कॉलर साफ केली. निघताना ये म्हणाली नाही, येऊ नको असंही म्हणाली नाही. मी दर रविवारी जाते. माफ केलं का, हे विचारायची माझी छाती होत नाही.

घंटा व्हायला थोडाच वेळ उरला आहे, तेव्हा आता ते शेवटी सांगायचं ते सांगते. स्टुडिओत ती भिंत उभी केली आहे, चिठ्ठ्यांची. खरीखुरी विटांची, दोन माणसं उंच. तिच्यावर लावायला शेकडो चिठ्ठ्या हव्यात म्हणून सेटवाल्यानं प्रत्येकाला कोरे कागद वाटले. काहीही लिहा, म्हणाला, वाणसामानाची यादी लिहा, वाचतंय कोण? कुणी गाणी लिहिली, कुणी शिव्या लिहिल्या. मी हे लिहितेय. उद्या सकाळी आठला डुप्लिकेट मुलगी पाठमोरी उभी राहून त्या भिंतीवरून हात फिरवत जाणार आहे आणि कॅमेरा तिच्या हातामागून सरकणार आहे. तिचा खांदा जमिनीपासून किती उंच, हात लांब केला की बोटं कुठवर पोचतात, हे तिचे कपडे करून करून मला पाठ आहे. बरोब्बर तिथे मी हे कागद लावणार आहे, एकावर एक. वरच्या कागदाच्या वरच्या चार ओळी तेवढ्या दिसतील. जगानं वाचल्या तरी बिघडत नाही, तू पोहायला कुठे शिकलीस ते जगाला कुठे ठाऊक आहे? आतली पानं कुणालाच दिसायची नाहीत, तुलासुद्धा नाही. शूटिंग संपलं की भिंत पाडतील आणि कागद पोत्यात जातील. तरी लिहिली, कारण आयांना हजार कामं असतात असं मी म्हटलं होतं, आणि ते खोटं होतं. सिनेमा लागायला वर्ष जाईल. तो प्रसंग कापतील, अंधारात टाकतील, अक्षरं पुसट येतील, काहीही होईल. पण तू जिथे असशील तिथे हा सिनेमा बघशील, आणि थांबवून थांबवून बघशील, एवढं मला माहीत आहे. नेमकं कुठे थांबायचं ते तुला कळावं, म्हणून या भागाच्याही सहा जाकिटांच्या जोडीला मी सातवं केलं आहे. फाडलं मी, रंगवलंही मीच, म्हणजे दुसऱ्या कुणाची सही लागायला नको. वहीत लिहिलं, क्रमांक सात, चीर उजव्या बाहीवर, आणि पुढे माझं पूर्ण नाव घातलं. मोठ्या बाईंच्या हाती ती वही पडेल तेव्हा पडेल. उद्या सकाळी डुप्लिकेट मुलीच्या अंगात ते जाकीट मी माझ्या हातानं चढवणार आहे. अख्ख्या सिनेमात चीर डाव्या बाहीवर दिसेल आणि या एकाच ठिकाणी उजव्या. तिथे थांब, टाचणी. चूक पकड. मग तिच्या हाताखालची चिठ्ठी वाच.

तुझीच,
भिंतीवर चिठ्ठी लावून गेलेली
आई